आप्पांना घेऊन ४० दिवस युरोप, सगळं रेल्वेने : बारा देशांचा आराखडा तपासून द्या

तापीकाठची

नमस्कार मंडळी. मी भुसावळची, वय २६, जळगावला एका शाळेत शिकवते. माझे वडील, आप्पा, ३८ वर्षं रेल्वेत होते. सहायक म्हणून लागले आणि मेल-एक्स्प्रेसचे लोको पायलट म्हणून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. भुसावळ-इगतपुरी, भुसावळ-खंडवा, भुसावळ-बडनेरा हे तिन्ही मार्ग त्यांना सिग्नलसकट पाठ आहेत. मध्यंतरी जेवताना म्हणाले, "आयुष्यभर समोरचा रूळ पाहिला. खिडकीत बसून बाजूचं गाव पाहायचं राहूनच गेलं." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनी निघायचं ठरवलंय. विमान फक्त मुंबईहून जायला आणि परत यायला. मधले ४० दिवस सगळं रेल्वेने, पाठीवर सॅक घेऊन. दोन वर्षं मी पैसे साठवलेत, आप्पा त्यांच्या फंडातून भर घालणार आहेत. मी काढलेले देश : फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क, जर्मनी, पोलंड, चेकिया, हंगेरी, क्रोएशिया, इटली, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया. एकूण बारा.

पास घ्यावा की सुटी तिकिटं? इंटररेल आणि युरेल यातला आपला कोणता? व्हिसासाठी कोणत्या देशाकडे जायचं? मला कुणीतरी सांगितलं की जिथली अपॉइंटमेंट लवकर मिळेल तिथे अर्ज टाकावा. आप्पांचा उजवा गुडघा जिने चढताना दुखतो, बाकी तब्येत ठणठणीत. अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने सांगा, चुका दाखवल्या तरी चालतील.

झ्युरिचमधला पाचोरेकर

ताई, धागा वाचून गावाची आठवण झाली. मी पाचोऱ्याचा, अकरा वर्षांपासून झ्युरिचला आहे. आमची पी.जे., म्हणजे पाचोरा-जामनेर, ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज, हिच्यात बसून मी कॉलेजला गेलो. २०२० पासून ती बंद आहे. रेल्वेचं वेड तिथूनच लागलं.

आधी पासचं सांगतो. इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी, १९७२ पासून चालू आहे. भारतातून येणाऱ्यांना युरेल. दोन्ही ३३ देशांत चालतात, रचना जवळपास एकच. तुम्हाला दोघांना वयाचा फायदा आहे. पास सुरू होतो त्या दिवशी वय २७ किंवा कमी असेल तर युवा दर लागतो, म्हणजे तुम्हाला. ६० च्या वर ज्येष्ठांना १० टक्के सूट, म्हणजे आप्पांना. पासचे दोन प्रकार असतात. एक सलग दिवसांचा, दुसरा 'दोन महिन्यांत कोणतेही १० दिवस' किंवा '१५ दिवस' असा. ४० दिवस फिरणाऱ्याला सलग पास लागतच नाही, कारण रोज कुणी गाडीत बसत नाही. बसू पण नये.

आणि हीच माझी खरी काळजी आहे. बारा देश ४० दिवसांत म्हणजे सरासरी सव्वातीन दिवसांना एक देश. त्यातला एक दिवस प्रवासात जातो, अर्धा दिवस नवीन गावात खोली शोधण्यात, सामान ठेवण्यात आणि दूध-पाव कुठे मिळतो ते बघण्यात. उरतात पावणेदोन दिवस. माझे काका आले होते तेव्हा मी असाच उत्साहाने आराखडा केला होता. १७ दिवसांत नऊ शहरं. एका जंक्शनवर गाडी बदलायला सहाच मिनिटं होती आणि प्लॅटफॉर्म दुसऱ्या टोकाला. काकांच्या हातात बॅग, माझ्या हातात दोन. गाडीचे दरवाजे आमच्या डोळ्यांसमोर लागले. पुढची गाडी दोन तासांनी होती, तोवर काका बाकावर बसून राहिले. मला काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी म्हणाले, उद्या मी खोलीतच थांबतो. तेव्हापासून मी कुणालाही देश मोजून देत नाही. गाडी किती वेळा बदलायची आणि कुठे किती रात्री राहायचं, एवढंच मोजतो.

नंदुरबारी पाऊल

युरोप चांगलंच आहे, पण खर्चाचा विचार असेल तर आग्नेय आशियाही बघा, असं मनापासून सुचवतो. मी दोन वर्षांपूर्वी ३५ दिवस केलं. बँकॉकहून लाओसची राजधानी व्हिएन्टिएनपर्यंत आता थेट रात्रीची गाडी आहे, २०२४ पासून. तिथून चीनच्या कुनमिंगकडे जाणारा १०३५ किलोमीटरचा नवा मार्ग डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला, त्यातला लाओसमधला ४२२ किलोमीटरचा भाग निम्म्याहून जास्त पूल आणि बोगदे. पूर्वी बसने जिथे दिवस जायचा तिथे आता दोन-तीन तासांत माणूस लुआंग प्रबांगला पोचतो. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो चि मिन्ह सिटी १७२६ किलोमीटर, मीटरगेज, एका दमात गेलं तर दीड दिवस. मी ह्यूला आणि डा नांगला उतरत उतरत गेलो. त्या दोघांच्या मधला हाय व्हान घाट रेल्वेने समुद्राला लागून पार करायचा, ते दोन-अडीच तास मी दारातून हललो नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत.

फक्त एक. तिथे एका स्टेशनवर सामान विमानतळासारखं तपासतात. माझी छोटी कात्री आणि अंगावर मारायचा स्प्रे काढून घेतला. कात्री आईची होती, वाईट वाटलं.

तापीकाठची

दादा, व्हिएतनामचं वाचून मन डळमळलं होतं, खोटं सांगत नाही. आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मीटरगेज मी भरपूर पाहिलंय. मला घाट बघायचेत. जिथे माणसाने पहिल्यांदा डोंगरात रूळ टाकले ते बघायचंय." त्यामुळे या वेळी युरोपच. तुमचा मार्ग वहीत उतरवून ठेवलाय.

पाचोरेकर दादा, तुमच्या काकांचं वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. आराखडा पुन्हा करते.

इंजिनघर

बेटा, मी तुझ्या आप्पांच्या आधीच्या पिढीतला, चाळीसगावचा. नाव सांगत नाही पण लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर ड्यूटीला हजर होतात तिथे, आमची गाठ पडलेली असणार. त्यांना घाट बघायचेत म्हणतात तर मी तीन सांगतो. बाकी कुठे जाल ते तुमचं तुम्ही ठरवा.

पहिला ऑस्ट्रियातला सेमरिंग. ग्लॉगनिट्झ ते म्यूर्झझुश्लाग, ४१ किलोमीटर. कार्ल फॉन गेगा नावाच्या इंजिनिअरने १८४८ ते १८५४ मध्ये बांधला. डायनामाइट नव्हतं तेव्हा. आपला बोरघाट १८६३ चा आणि थळघाट १८६५ चा, म्हणजे हा दोघांच्याही आधीचा. चढ साधारण १:४०, म्हणजे ४० मीटरला एक मीटर. आपल्या कसारा-इगतपुरीचा १:३७. आप्पांना त्या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको. मागे बँकर, म्हणजे मागून रेटणारं इंजिन, लावून, अँपिअरवर डोळा ठेवून ज्याने तो चढ चढलाय त्याला सेमरिंगची दगडी कमान बघताना काय वाटेल ते मी समजू शकतो. १९९८ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. खालून २७ किलोमीटरचा नवा बोगदा होतोय. तो चालू झाला की जलद गाड्या खालून जातील, म्हणून वरून जाऊन घ्या.

दुसरा स्वित्झर्लंडचा गॉटहार्ड. खालून ५७ किलोमीटरचा बोगदा २०१६ ला झाला, त्यातून गेलं तर अंधाराशिवाय काही दिसत नाही. जुन्या डोंगरमार्गाने अजून गाड्या जातात, त्यातच बसा. वासेन गावाचं चर्च तीनदा दिसतं. एकदा वर मान करून, एकदा समोर, एकदा खाली. रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरून वर येतो, म्हणून असं होतं.

तिसरा बेर्निना. क्यूरहून इटलीतल्या तिरानोपर्यंत मीटरगेज. चढ हजारी ७०, म्हणजे दर १४ मीटरला एक मीटर, तोही दातेरी रुळाशिवाय. नुसत्या चाकाच्या घर्षणावर. वरचं ओस्पिझिओ बेर्निना स्टेशन २२५३ मीटरवर आणि तिरानो ४२९ मीटरवर. मेमध्ये वर बर्फ असतो आणि खाली उतरल्यावर द्राक्षांचे मळे लागतात.

आणि एक आप्पांसाठी खास. लुत्सर्नला वाहतुकीचं मोठं संग्रहालय आहे. तिथे गॉटहार्डवर चालणारं 'क्रोकोडाइल' इंजिन उभं आहे. आपला खेकडा आठवतो ना? डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन, जीआयपी रेल्वेने (आजची मध्य रेल्वे) १९२८ पासून आणलेलं, कण्हल्यासारखा आवाज करणारं. त्यातली काही इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्येच बनली होती. बाकीची इंग्लंडला. हे क्रोकोडाइल म्हणजे त्याचा थोरला भाऊ.

तापीकाठची

काका, तुमचं लिहिलेलं मी मोठ्याने वाचलं. खेकड्यापाशी आल्यावर आप्पा उठून उभे राहिले. ते आठ वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना इगतपुरीला नेलं होतं (आजोबाही रेल्वेत, पॉइंट्समन) आणि यार्डात खेकडा दाखवला होता. "तो आवाज अजून कानात आहे," म्हणाले. लुत्सर्न नक्की झालं.

आता झालं ते सांगते. आप्पांनी माझा बारा देशांचा कागद घेतला आणि कंट्रोल ऑफिसात असतो तसा चार्ट काढला. आडव्या रेषेत तारखा, उभ्या रेषेत शहरं, आणि प्रवासाच्या तिरक्या रेघा. फूटपट्टी आणि टोकदार पेन्सिल. चार्टवर गाडी थांबली की रेघ आडवी होते. माझ्या चार्टवर आडवी रेघ कुठे दिसतच नव्हती. नुसती करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली. आप्पांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "या सेक्शनला मी गाडी घेणार नाही. क्रूला विश्रांतीच नाही."

मग आम्ही दोघांनी खोडरबर घेतलं.

फाईल नीट लाव

मी धुळ्याची. घरातल्या चार जणांचे शेंगेनचे (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) अर्ज स्वतः भरलेत, एजंट न लावता. 'जिथली अपॉइंटमेंट लवकर तिथे अर्ज' हे डोक्यातून आधी काढून टाका, यावरूनच अर्ज परत येतो. नियम असा की जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज. दोन देशांत रात्री सारख्या असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्या देशाकडे. म्हणून आधी रात्री मोजा, मग अर्ज.

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. तुमचे ४० आरामात बसतात. फी मोठ्या माणसाला ९० युरो, जून २०२४ पासून, वर व्हिसा अर्ज-केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून टाकता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी. मेमध्ये निघायचं तर शेवटची वाट बघू नका. मार्च-एप्रिलमध्ये सगळा देश रांगेत असतो. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं. रात्रीच्या गाडीने निघालात की सकाळी मुंबईत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आतला, दोन कोरी पानं असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा.

आप्पांचं पेन्शनचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट, तुमच्या शाळेचं रजेचं पत्र आणि पगारपत्रकं. खर्च कुणाचा कोण करणार ते कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहा. रेल्वेने फिरणाऱ्याचा अर्ज वाचणाऱ्याला किचकट वाटतो, कारण शहरं जास्त. म्हणून तारीख, शहर, राहण्याची जागा, कोणत्या गाडीने पुढे, असा एका पानाचा तक्ता जोडा. राहण्याची बुकिंगं अशीच घ्या जी विनाशुल्क रद्द होतात. व्हिसा हातात येईपर्यंत पास विकत घेऊ नका.

आणखी एक, सीमेवर आता पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी पद्धत आलीय. पहिल्यांदा जाणाऱ्याला वेळ लागतो. उतरल्या उतरल्या तासाभरात गाडी पकडायची असं ठरवू नका, पहिली रात्र विमानतळाच्या शहरातच राहा.

तिकीटखिडकी

थोडं वेगळं मत मांडतो. पास म्हटलं की लोकांना वाटतं एकदा पैसे भरले की झालं. तसं नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिजलद गाडीला, इटलीच्या जलद गाड्यांना, रात्रीच्या गाड्यांना पास असला तरी जागा राखीव करावीच लागते आणि तिचे वेगळे पैसे, साधारण १० ते २० युरो, झोपायच्या बर्थला त्याहून जास्त. टीजीव्हीत पासवाल्यांच्या जागा मर्यादित, त्या संपल्या की पास खिशात असून माणूस प्लॅटफॉर्मवर. उलट दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटं काढली तर व्हिएन्ना-बुडापेस्ट, प्राग-व्हिएन्ना अशा मार्गांवर फार स्वस्तात पडतं.

शिवाय तिकीट असलं की हक्क स्पष्ट असतात. युरोपीय संघात गाडी तासभर उशिरा पोचली तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तास उशीर झाला तर ५० टक्के परत. आणि उशीर होतो बरं का. जर्मनीत २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२ टक्के गाड्या वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून.

झ्युरिचमधला पाचोरेकर

तिकीटखिडकी म्हणतात ते फ्रान्स, स्पेन, इटलीच्या जलद गाड्यांपुरतं शंभर टक्के बरोबर. पण ताईंच्या आप्पांना हव्या असलेल्या मार्गांवर चित्र उलटं आहे. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दिवसाच्या गाड्यांना पास पुरतो, आरक्षणाची सक्ती नाही. बेर्निनाच्या मोठ्या काचांच्या पर्यटक-गाडीला आरक्षण लागतं, पण त्याच रुळावरून साधी गाडी जाते, तिला नाही लागत. साध्या गाडीच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतातही. फोटोत काचेची चमक येत नाही आणि चाकांचा आवाज आत येतो. आप्पांना हीच आवडेल.

स्वित्झर्लंडमध्ये तिकिटं महाग, तिथे पासचा पैसा वसूल होतो. आणि ६० च्या पुढच्या माणसाला सर्वांत मोठी सोय म्हणजे गाडी सोडून द्यायची मुभा. सकाळी गुडघा कुरकुरला, थांबा, पुढच्या गाडीने जा. स्वस्तातल्या तिकिटाला ठरलेली गाडीच पकडावी लागते.

हिशेब असा करा. सगळे प्रवास कागदावर लिहा, प्रत्येकाचं आजचं तिकीट बघा, स्वस्त आणि छोटे प्रवास पासमधून बाहेर काढा. जे महाग उरतील त्यांची संख्या १० च्या आसपास आली तर दहा दिवसांचा पास. पासचा दिवस म्हणजे त्या तारखेला रात्री बारापर्यंत कितीही गाड्या. रात्रीच्या गाडीला निघायचा दिवस धरतात, पोचायचा नाही.

वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या मध्यरात्री सगळ्या युरोपात एकदम बदलतं. म्हणजे मे महिन्याच्या गाड्यांची खरी वेळ डिसेंबरनंतरच पक्की समजा. आत्ता चार्टवर आजची वेळ पेन्सिलनेच लिहा.

अमळनेरनी माय

बहिन, तू भलतं चांगलं काम करी राह्यनी. माझे बाबा असताना मला हे सुचलं नाही, म्हणून तुझं वाचून भरून आलं.

मी मुलाकडे म्युनिकला दोनदा राहून आले, तेवढ्यावरून सांगते. आप्पांच्या गोळ्या ४० दिवसांच्या नव्हे, ५० दिवसांच्या घ्या, आणि सगळ्या हातातल्या पिशवीत. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट. विमा घेताना बीपी-साखर असेल तर लपवू नका, आधीपासूनच्या दुखण्याला काय मिळतं ते नीट वाचा.

तिकडे हमाल नाही. बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट असते, पण कुठे बंद असते, आणि जुन्या डब्यांना दोन-तीन उंच पायऱ्या असतात. आप्पांची सॅक आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका. कपडे चार जोड पुरे, दर पाचव्या दिवशी धुवायचे. होस्टेलमध्ये बारा जणांच्या खोलीत वडिलांना ठेवू नका. त्याच होस्टेलांत दोघांच्या वेगळ्या खोल्या मिळतात, स्वयंपाकघर तेच वापरता येतं. आणि रविवारी ऑस्ट्रिया-जर्मनीत दुकानं बंद असतात! शनिवारी संध्याकाळीच दूध, भाजी, पाव आणून ठेवायचं. मोठ्या स्टेशनातलं दुकान तेवढं रविवारी उघडं सापडतं.

आपल्याकडे ४५ अंश असताना तुम्ही निघाल, तिकडे डोंगरात सकाळी स्वेटर लागेल. एक जाड, एक पातळ, एक पावसाचं.

सावदा-रावेर

खाण्याचं कुणी नीट बोललं नाही म्हणून मी बोलतो. मी केळीवाला. आमच्या घरच्या केळीचे वॅगन माझ्या आजोबांनी निंभोरा आणि सावदा स्टेशनावर भरलेत, दिल्लीच्या वाटेला. तुमच्या आप्पांनीही एखादी केळीची गाडी ओढली असेलच.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, तूप, पनीर, मांस आणायला बंदी आहे. म्हणजे दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तुपाची बरणी घरीच ठेवा, उगाच वाद नको. ताजी फळं आणायलाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. पण पाच फळांना त्यातून सूट आहे : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. जळगावची केळी, जीआय मानांकन मिळालेली, चार दिवसांची पिकायला आलेली फणी तुम्ही उघड नेऊ शकता.

मी नेलं होतं ते : कळण्याचं पीठ दोन किलो, शेंगदाण्याची चटणी, लाल ठेचा कोरडा, बिबड्या, आणि काळा मसाला घट्ट बंद पिशवीत. मसाल्याचा वास कपड्यांना लागतो, दोन पिशव्या घाला. होस्टेलच्या स्वयंपाकघरात कळण्याची भाकरी थापली तेव्हा दोन पोरी बघायला येऊन उभ्या राहिल्या. तवा सपाट होता, भाकरी फुगली नाही, पण चटणीसोबत पोट भरलं. चेकियात गाडीला जोडलेला जेवणाचा डबा चांगला असतो, त्यात तळलेलं चीज आणि बटाटे मिळतात. शाकाहारी माणसाला तेवढं पुरतं.

तापीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस लागले, पण आता नवा चार्ट झाला. बारातले सहा देश गेले. डेन्मार्क काढताना मला जड गेलं, फ्रान्स काढताना आप्पांना.

व्हिएन्ना ५ रात्री, तिथूनच एक दिवस सेमरिंगला जाऊन परत. बुडापेस्ट ४. प्राग ५. न्यूरेंबर्ग ४, कारण जर्मनीची पहिली रेल्वे १८३५ ला तिथून फ्यूर्थपर्यंत सहा किलोमीटर धावली आणि तिथे रेल्वेचं संग्रहालय आहे. लुत्सर्न ६, त्यात गॉटहार्डचा एक दिवस आणि खेकड्याच्या थोरल्या भावाचा एक. क्यूर ४. मग बेर्निनाने तिरानो १, मिलानवरून वेरोना ४. ब्रेनर घाटातून इन्सब्रुक ३, आणि परत व्हिएन्ना २. एकूण ३८ रात्री, दोन दिवस विमानाचे.

'फाईल नीट लाव' ताईंच्या सांगण्याप्रमाणे रात्री मोजल्या. ऑस्ट्रिया १०, स्वित्झर्लंड १०. बरोब्बर सारख्या! शिरतोय व्हिएन्नातून, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. पण वाद नको म्हणून लुत्सर्नची एक रात्र काढून इन्सब्रुकला दिली. आता ११ आणि ९.

गाडीचे दिवस ११ निघाले. सेमरिंगचं तिकीट स्वस्त आहे, ते सुटं काढायचं. उरले १०. दहा दिवसांचा पास, एक युवा, एक ज्येष्ठ. व्हिसा आल्यावरच घेणार.

आप्पा रोज सकाळी आठ किलोची सॅक घालून स्टेशनच्या पादचारी पुलावर जातात. पहिल्या दिवशी मधल्या टप्प्यावर थांबले, काल एका दमात वर गेले. उतरताना कठडा धरतात, ते मी सांगितलंय तसंच ठेवा म्हणून.

त्यांना स्वतः एक विचारायचंय, त्यांच्या शब्दांत टाइप करते :

"नमस्कार मंडळी. मुलगी सगळं वाचून दाखवते. तुम्ही ओळख नसताना इतका वेळ देता, याबद्दल मी ऋणी आहे. इंजिनघर साहेब, तुम्ही चाळीसगावचे म्हणता, तर धुळे ब्रँचची गाडी तुम्ही नक्की घेतली असणार, आल्यावर भेटायला येतो. माझा प्रश्न छोटा आहे. कसाऱ्यातून वर येताना दरी कोणत्या बाजूला कुठे येते ते मला झोपेतही सांगता येईल. बेर्निनाला मला काहीच माहीत नाही. क्यूरहून निघताना कोणत्या हाताच्या खिडकीत बसू?"

झ्युरिचमधला पाचोरेकर

आप्पा, उजव्या हाताला. फिलिझूर यायच्या आधी लांडवासरचा पूल लागतो, ६५ मीटर उंच. गाडी त्यावरून वळत वळत सरळ डोंगराच्या कड्यात, बोगद्यात शिरते. उजवीकडच्या खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन पुढे वळताना दिसतं. शक्य तितक्या मागच्या डब्यात बसा.

मी लुत्सर्नला तुम्हाला भेटायला येतो. येताना पी.जे.चं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट आणतो, माझ्याकडे एक जपून ठेवलेलं आहे.